हिरड्यांतून येणारं रक्त, सासूबाईंचं मंजन आणि लेकीच्या दातांवरचे डाग

पत्र :

माझं वय ४१. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. काही महिन्यांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, सकाळी तोंडाला वास असतो. सासूबाई घरीच मंजन करतात. त्यात गोवरीची राख, फुलवलेली तुरटी, सैंधव, गेरू, कात आणि थोडी लवंग असते. त्यांच्या सांगण्यावरून ते बोटानं हिरड्यांना चोळायला लागले आणि रक्त खरंच थांबलं. पण मंजन सोडलं की पुन्हा सुरू होतं. दातांच्या डॉक्टरांनी स्केलिंग, म्हणजे दातांवर साठलेला कडक थर यंत्रानं काढून घ्या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, त्यानं दात खिळखिळे होतात, त्यांच्या बहिणीचे झाले होते. माझ्या ९ वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग आहेत. ते जावेत म्हणून तीसुद्धा हेच मंजन जोर लावून घासते. शेजारच्या काकू म्हणतात, हिरड्यांना चुना आणि मीठ लाव. जाऊबाईंचं बाळ ७ महिन्यांचं आहे, त्याच्या हिरड्यांना टाकणखाराची लाही मधातून लावतात. यातलं काय ठेवू आणि काय बंद करू? सासूबाईंचं मन मोडायचं नाही.

उत्तर :

ताई, तुम्ही स्वतःबद्दल विचारलंत, पण मी आधी बाळाबद्दल सांगते, कारण ते आजच थांबायला हवं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो फुलवून लाही केली तरी त्यातलं पाणी उडतं, बोरॉन तिथेच राहतं. बाळ ते थुंकत नाही, गिळतं. रोज थोडं थोडं गिळलं तर ते अंगात साठत जातं, आणि त्यामुळे तान्ह्या बाळांना झटके आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. राहिला मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नये. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाचं आतडं ते सहन करतं, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे क्वचितच घडतं, पण घडतं तेव्हा फार गंभीर असतं. दात येताना बाळाच्या हिरड्या शिवशिवतात, एवढंच. स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात भिजवून, पिळून, बोटाला गुंडाळून हलक्या हातानं हिरड्यांवरून फिरवा. तेवढं पुरतं. हे जाऊबाईंना तुम्हीच सांगा, आणि "तू चुकलीस" अशा सुरात सांगू नका. लाही-मध आपल्याकडे कित्येक घरांत प्रेमानंच दिलं जात आलं आहे.

आता तुमच्या हिरड्या. मंजनानं रक्त थांबलं हा तुमचा अनुभव खरा आहे, तो मी खोडून काढणार नाही. हे काम तुरटीचं. दाढी करताना कापलं तर न्हावी गालावर तुरटीचा खडा फिरवतो, त्यामागेही हेच आहे. तुरटीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. तो वरच्या पेशींतली प्रथिनं गोठवतो, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडी घट्ट झाल्यासारखी वाटते. कातानंही तुरटपणामुळे असंच काहीसं होतं. म्हणजे मंजनातल्या दोन गोष्टी हिरडीचं तोंड आवळून धरतात.

पण रक्त का येत होतं? दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीकशा फटीत जंतूंचा चिकट थर बसतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते या थरात उतरत जातं आणि काही दिवसांतच तो थर दगडासारखा होऊ लागतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वांत जास्त धरतं, कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे फिरवून बघा, खरबरीत लागलं तर ते कीटणच. या खडबडीत कडेवर नवे जंतू बसतात, हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. सकाळचा वासही बहुतेक वेळा याच जंतूंमुळे असतो. तुरटी या फटीत उतरत नाही. ती वरून हिरडी आवळते आणि खाली सगळं जसंच्या तसं राहतं. म्हणून मंजन सोडलं की रक्त परत येतं.

त्यात एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. गेरू हा लोहाच्या ऑक्साइडचा लाल रंग आहे. लाल मंजन लावून थुंकलं तर थुंकी लालच असणार. त्यात रक्त आहे की नाही हे तुम्हाला दिसत नाही, सासूबाईंनाही दिसत नाही. हिरड्यांचा आजार सहसा दुखत नाही. त्याची पहिली आणि बराच काळ एकमेव खूण म्हणजे रक्त. तुरटी ती खूण दाबते आणि गेरू ती रंगाखाली झाकतो. आत दाताला धरून ठेवणारं हाड मात्र हळूहळू झिजत जातं. "आमच्या घरी कुणाच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही, पन्नाशीत दात आपोआप हलायला लागले" असं सांगणारी मंडळी माझ्या खुर्चीत खूप बसली आहेत. त्यांच्या तोंडात कीटण असतं आणि घरी लाल मंजनाचा डबा असतो.

सासूबाईंना हे सांगताना त्यांच्याच परंपरेतून सांगा, म्हणजे ते टोचणार नाही. सुश्रुतसंहितेत हिरड्यांतून अचानक रक्त येणं, दुर्गंधी, हिरड्या मऊ आणि काळपट पडणं अशा लक्षणांचा ‘शीताद’ नावाचा आजार सांगितला आहे. दातावर साठून घट्ट झालेल्या थराला तिथे ‘दंतशर्करा’ म्हटलं आहे, आणि तिच्यावरचा उपाय स्वच्छ लिहिला आहे : दाताच्या मुळाला इजा न करता वैद्यानं ती काढून टाकावी, आणि त्यानंतर तिथे लाखेचं चूर्ण मधातून चोळावं. म्हणजे आधी खरवडून काढायचं आणि मग औषध लावायचं. याच ग्रंथात रोजच्या दंतशोधनाविषयी लिहिताना एकेक दात मऊ कुंचल्यानं घासावा आणि हिरडीला बाधा होऊ देऊ नये असंही सांगितलं आहे. त्या शोधनचूर्णात सैंधवही आहे, पण ते मध आणि तेलात कालवलेलं आहे, कोरडं रगडलेलं नाही. डॉक्टरांनी तुम्हाला जे करायला सांगितलं, त्याची कल्पना आपल्याकडे शतकानुशतकं जुनी आहे. आता यंत्र आलं, एवढाच फरक.

मग त्यांच्या बहिणीचे दात खिळखिळे का झाले? त्या खोटं सांगत नसाव्यात. वर्षानुवर्षं साठलेलं कीटण दोन दातांमधली फट सिमेंटसारखी भरून टाकतं आणि हाड झिजलेल्या दातांना एकमेकांना बांधून ठेवतं. ते काढल्यावर फट उघडी पडते, सुजलेली हिरडी बसते, दात लांब दिसतात आणि हलणारा दात हलताना जाणवतो. हाड आधीच गेलेलं असतं, स्केलिंगच्या दिवशी ते फक्त उघडकीला येतं. म्हणूनच उशीर करू नये. तुमचं वय ४१ आहे आणि दात हलत असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्ही बहुधा वेळेत आहात. स्केलिंगनंतर काही दिवस गार-गरम झिणझिणेल, ते जातं. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक असतील तर तिथे आधी चौकशी करा. दात हलत असतील किंवा हिरडीतून पू येत असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाता येईल.

स्केलिंगच्या आधी किंवा नंतर एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. हिरड्यांतून कारण नसताना सतत रक्त येत असेल, अंगावर लाल-जांभळे ठिपके उमटत असतील, ताप असेल, तर दातांच्या डॉक्टरांची वाट न पाहता त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. तसं रक्त हिरडीच्या आजाराचं नसतं.

आता डब्यातल्या एकेका गोष्टीकडे बघू.

राखेबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तिला आपण निरुपद्रवी समजतो. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, जवळजवळ ९६ टक्के खनिज. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी एक पट्टी आहे, तिच्यावर इनॅमल साधारण ५ वर बसतं. गवत आणि कडबा खाणाऱ्या जनावराच्या शेणात सिलिका भरपूर असते, ती गोवरी जाळल्यावर राखेत उरते. शिवाय शेण जमिनीवर थापलेलं असतं, त्यात माती-वाळूचे कणही येतात. वाळूतला गारेचा कण त्याच पट्टीवर ७ वर आहे. म्हणजे राखेतले काही कण इनॅमलला ओरखडे पाडण्याइतके कठीण असतात. गेरूतलं लोहखनिजही इनॅमलपेक्षा मऊ नाही. विटेची भुकटी तर सरळ नकोच. पेस्टमध्येही सिलिका असते, मग तिनं दात का झिजत नाहीत, असं तुम्ही विचाराल. तिथे कण किती बारीक असावेत आणि पेस्ट किती घासणारी असावी हे मोजून ठरवलेलं असतं. घरच्या चाळणीतून राख कितीही गाळली तरी ते मोजमाप होत नाही. शिवाय बोटानं आपण दात आडवे चोळतो, आणि तेही पुढचेच. दोन दातांच्या मध्ये बोट जातच नाही. म्हणून जिथे कीटण धरतं तिथे मंजन पोहोचत नाही आणि जिथे कीटण नसतं तिथे दात झिजतो. वर्षांनंतर हिरडीच्या कडेला, दाताच्या मुळाशी खाच पडते. तिथे इनॅमल संपलेलं असतं आणि खालचा मऊ भाग उघडा पडतो. सासूबाईंना विचारा, माठातलं पाणी पिताना दात शिवशिवतात का. हो म्हणाल्या तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.

फुलवलेली तुरटी साध्या तुरटीहून सौम्य असते असा समज आहे. तसं नाही. तुरटीच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा पाण्याचा असतो. तव्यावर फुलवली की ते उडून जातं आणि तेवढ्याच वजनात क्षार जास्त राहतो. तिचं पाणी आम्लधर्मी असतं, आणि तोंडातली आम्लता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. कोरडी तुरटी हिरडीवर दाबून ठेवली तर तिथली त्वचा पांढरी पडून भाजते. एखाद्या दिवशी तुरटीच्या अगदी पातळ पाण्यानं चूळ भरली तर काही बिघडणार नाही. रोजच्या दात घासण्यात मात्र तिची जागा नाही.

सैंधव मला त्या डब्यात सर्वांत आवडलं, फक्त ते डब्यातून काढून पाण्यात घाला. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ पूर्ण विरघळवून, सकाळ-संध्याकाळ अर्धा मिनिट खळखळून चूळ भरा. सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. स्केलिंगनंतरचे काही दिवसही हे करा. खडे कोरडे रगडू नका, आणि रक्तदाब असेल तर पाणी गिळू नका. यासाठी सैंधव आणि साधं मीठ यांत काहीच फरक नाही, दोन्ही मूळचं सोडियम क्लोराइड. स्वयंपाकात मात्र आयोडीनचं मीठच ठेवा, घरात लहान मुलं आहेत.

काकूंचा चुना नको, अजिबात नको. विड्याच्या पानाला लावतात तो चुना इतका दाहक असतो की तोंडातली नाजूक त्वचा पोळते. चुन्यातलं कॅल्शियम हिरडीवाटे दाताला मिळत नाही. मोरचूदही कुणी सुचवेल, ते पोटात गेलं तर विष आहे. खायचा सोडा या सगळ्यांपेक्षा बराच मऊ आणि आम्ल मारणारा आहे. कधीतरी ओल्या ब्रशवर चिमूटभर घेतला तर हरकत नाही, पण त्यावर लिंबू पिळून दात पांढरे करायचा जो प्रकार मोबाइलवर फिरतो तो करू नका, लिंबाचं आम्ल इनॅमल खातं. कोळशाच्या काळ्या पेस्टचीही गरज नाही.

आणि घरात कुणी मिश्री, गुल किंवा गुडाखू लावत असेल तर ते या यादीतलं सर्वांत वाईट. ते खनिजही नव्हे, तो सरळ तंबाखू आहे. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी मिश्री घरोघरी भाजली जाते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काहीही दिसलं तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका.

रोज करायचं ते साधं आहे. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरा, छोट्या गोलाकार हालचालीत दोन मिनिटं घासा. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. रात्रीचं चुकवू नका. रक्त येतं म्हणून तो भाग सोडू नका, तिथेच हलक्या हातानं घासा. स्केलिंगनंतर असं केलं तर बहुतेकांचं रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. आणि ते तुरटीनं आवळून थांबलेलं नसतं.

आता लेक. जिल्हा वाचला आणि डागांचं वर्णन वाचलं, तेव्हा माझ्या मनात आधी तुमचं पिण्याचं पाणी आलं, ते बहुधा बोअरचं असेल. यवतमाळ आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते तिथल्या खडकांतून झिरपतं. बाळपणापासून असं पाणी प्यायलं तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या दातांच्या इनॅमलमध्ये दोष राहतो आणि दात उगवतो तोच पांढऱ्या रेघा किंवा तपकिरी डाग घेऊन. न बघता मी निदान करणार नाही, ते डॉक्टरांकडून करून घ्या. पण डाग या कारणाचे असतील तर ते दातावर चढलेले नाहीत, दाताच्या घडणीतच आहेत. राखेनं, तुरटीनं, कशानंही घासून ते निघणार नाहीत. उलट अशा दाताचं इनॅमल आधीच कमकुवत असतं, त्यावर राख घासणं म्हणजे दुहेरी नुकसान. तिचं मंजन आजपासून बंद करा. डॉक्टरांनी वेगळं सांगेपर्यंत मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि पेस्ट थुंकून टाकायची. फ्लोराइडवाली पेस्ट चालेल का, अशी शंका तुम्हाला येईल. डाग पडतात ते गिळलेल्या फ्लोराइडमुळे, तेही दात घडत असतानाच्या वयात. तिचे पुढचे दात कधीच घडून झाले आहेत. वरून लागलेलं थोडं फ्लोराइड कीड रोखतं. डाग हलके असतील तर काहीच करायची गरज नाही. ठळक असतील तर वरचा अगदी पातळ थर काढून किंवा दाताच्या रंगाचं मटेरियल लावून ते झाकता येतात. तोवर शाळेत तिला कुणी दातांवरून चिडवत असेल, तर तिला एवढं नक्की सांगा की हे डाग घाणीचे नाहीत आणि तिच्या आळसाचेही नाहीत. मुली अशा वेळी हसताना तोंडावर हात धरायला लागतात, आणि ती सवय पुढे फार काळ राहते.

पाणी तपासणं खरं तर त्या ७ महिन्यांच्या बाळासाठी जास्त महत्त्वाचं आहे. त्याचे पुढचे पक्के दात आत्ता, याच महिन्यांत, हिरडीच्या आत घडायला लागले आहेत. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं, तेव्हा अंगावरचं दूध चालू राहू द्या. पण आता वरचं अन्न सुरू झालं असेल, आणि भाताची पेज त्याच बोअरच्या पाण्यात शिजत असेल. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं थोडं वाढतंच. साध्या फिल्टरनंही जात नाही, आरओनं जातं. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवल्यानं गाळ बसतो, फ्लोराइड पुरेसं उतरत नाही. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढायची पद्धत मात्र आहे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच ती विकसित केली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण त्यात पाणी तपासून मात्रा ठरवावी लागते, ते अंदाजानं करायचं काम नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीत विचारून पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. काचेची बाटली नको, स्वच्छ प्लास्टिकची घ्या, त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरा, वर बोअरचं ठिकाण आणि तारीख लिहा आणि फ्लोराइडची तपासणी हवी असं सांगा. आपल्याकडच्या मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आकडा त्याच्या वर आला तर बाळाची पेज आणि सगळ्या मुलांचं पिण्याचं पाणी लगेच दुसऱ्या स्रोताचं करा, मोठ्यांची सोय नंतर लावली तरी चालेल. अहवाल आला की मला आकडा कळवा, आणि शेजारच्या घरांतल्या मुलांच्या दातांवरही असे डाग आहेत का, तेही लिहा.